समुद्रावर हरवलेल्यांचा शोध



वर्तमानपत्रांत आपण अधूनमधून एक लहानशी बातमी वाचतों. अमुक बंदरांतून निघालेली होडी परत आली नाहीं. तिच्यावरील चौघांचा शोध चालू आहे. दुसऱ्या दिवशीं तीच बातमी आणखी आंखूड होऊन येते, आणि चवथ्या-पांचव्या दिवशीं 'शोध थांबविण्यांत आला' एवढें एकच वाक्य कोपऱ्यांत छापलेलें दिसतें. या दोन बातम्यांच्या मध्यें काय घडतें, कोण काय करतो, आणि थांबण्याचा निर्णय कोणत्या आधारावर घेतला जातो, हें सहसा कोणी सांगत नाहीं. आज त्याविषयीं थोडें बोलावयाचें आहे.

आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत अशी असते कीं, होडी जेथें बुडाली तेथें विमान पाठवावें, वैमानिकानें खालीं पाहावें, आणि माणसें दिसलीं कीं उचलून आणावीं. ही समजूत जमिनीवरची आहे. रानांत वाट चुकलेला मनुष्य फार तर दोन-चार कोस भटकेल; डोंगरावरून पडलेला तर पडल्या जागींच सांपडेल. समुद्रावर 'जागा' म्हणून कांहीं नसतेंच. नारळी पौर्णिमेला सोडलेला नारळ थोड्या वेळानें कोठें असेल हें कोळीवाड्यांतील एखादें पोरहि आपणांस सांगूं शकेल. मात्र आधीं तें भरती आहे कीं ओहोटी तें विचारील, आणि मग वारा कोणीकडचा आहे तें पाहील. शोधाचें सारें शास्त्र या दोन प्रश्नांतूनच वाढलेलें आहे.

पाण्यांत पडलेल्या वस्तूला दोन शक्ति ओढीत असतात. एक पाण्याचा ओघ, म्हणजे भरती-ओहोटी आणि समुद्रांतील कायमचे प्रवाह, दुसरी वारा. ओघ सर्वांना सारखाच वाहून नेतो, पण वारा मात्र पक्षपाती आहे. पाण्याच्या वर जितका भाग अधिक, तितकी त्याची पकड अधिक. पोहणाऱ्या माणसाचें केवळ डोकेंच वर असतें, म्हणून तो बहुतांशीं पाण्याबरोबरच जातो. हवा भरलेला रबरी तराफा मात्र शिडासारखा वारा धरतो आणि वाऱ्याच्या वेगाच्या शेकडा चार-पांच या गतीनें घसरत जातो. हे आंकडे लहान वाटतात. पण ताशीं चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यांत असा तराफा एका रात्रींत वीस किलोमीटरांवर सरकेल. त्यांतहि गंमत अशी कीं, तो वाऱ्याच्या नेमक्या दिशेनें न जातां कांहींसा डावीकडे किंवा उजवीकडे झुकून जातो. आणि कोणत्या बाजूला झुकेल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून शोध करणाऱ्यांना एकाच अपघातासाठीं दोन-तीन निरनिराळे नकाशे काढावे लागतात : एक पोहणाऱ्यांचा, एक तराफ्याचा, आणि एक उलट्या झालेल्या होडीचा. होडी उलटली तरी ती तरंगत असेल तोंवर तिला सोडूं नका, किनारा जवळ दिसला तरी पोहत निघूं नका, असें जाणते तांडेल बजावून सांगतात, त्याचें एक कारण हेंच आहे. होडीचा नकाशा एकीकडे चाललेला असतो आणि एकटा निघालेला मनुष्य भलत्याच नकाशावर गेलेला असतो. दुसरें कारण त्याहून सोपें आहे : होडी मोठी असते, डोकें लहान.

हें डोकें किती लहान, याची कल्पना गच्चीवरून करतां येण्यासारखी नाहीं. दीडशे मीटर उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांतील निरीक्षकाला, हवा स्वच्छ असतांनाहि, पाण्यांतील एकट्या माणसाचें मस्तक खात्रीपूर्वक दिसेल अशी पट्टी अवघी दोनशे मीटरांच्या आसपास रुंद धरतात. ऊन असेल तर पाणी चकाकतें. वारा असेल तर लाटांचे पांढरे शेंडे हजारोंनीं उठतात आणि त्यांतील प्रत्येक शेंडा क्षणभर माणसासारखा वाटतो. आतां जरा हिशेब करूं. हेलिकॉप्टर ताशीं दीडशे किलोमीटर उडालें, तर दोनशे मीटरांच्या पट्टीनें तें एका तासांत तीस चौरस किलोमीटर समुद्र विंचरून काढील. माणूस दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत कोठेंतरी आहे एवढें ठाऊक असेल, तर तें वर्तुळ तीनशें चौदा चौरस किलोमीटरांचें होतें. म्हणजे दहा तासांचें काम. पण त्रिज्या तीस किलोमीटर झाली, कीं क्षेत्र तिपटीनें नव्हे, नऊ पटींनीं वाढतें, आणि त्याच हेलिकॉप्टरला चौऱ्याण्णव तास लागतात. तोंवर वर्तुळ कांहीं थांबून राहत नाहीं. तें वाढतच असतें.

बघणारा डोळाहि थकतो. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांच्या नजरेंतून शत्रूच्या खुणा निसटूं लागल्या, तेव्हां नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानें एक साधा प्रयोग रचला. घड्याळासारख्या तबकडीवर एक कांटा टप्प्याटप्प्यानें सरकत असे, आणि मधूनच एखाद्या वेळीं दुप्पट उडी घेई. ती उडी पाहणाऱ्यानें नोंदवावयाची. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत आढळलें तें असें कीं, पहिल्या अर्ध्या तासानंतर चांगल्या माणसांच्याहि हातून उड्या अधिक चुकूं लागतात. समुद्रावर टेहळणी करणाऱ्यांना ठराविक वेळानें आळीपाळीनें बदलतात तें उगाच नव्हे. हरवलेल्याच्या घरच्यांना वाटतें, विमान तेथून गेलें आणि माणूस दिसला नाहीं, अर्थात् तो तेथें नव्हता. शोध करणारा असें कधींच मानीत नाहीं.

तो काय मानतो, हें सांगण्यापूर्वीं वेळेविषयीं बोललें पाहिजे. कारण माझ्या मतें या सर्व प्रकरणांत यंत्रांपेक्षां वेळेचा भाग मोठा आहे. मुंबईकरांना 'रामदास' बोटीची आठवण सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली, आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मुंबईचा किनारा कांहीं फार दूर नव्हता. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत जे हातीं लागले त्यांना घेतलें. पण एवढ्या मोठ्या शहराला, त्याच्या बंदराला आणि तेथें उभ्या असलेल्या जहाजांना, या अपघाताची वार्ता पोंचली ती संध्याकाळच्या सुमारास, आणि तीहि पोहून किनाऱ्याला लागलेल्या एका मुलाच्या तोंडून. शोधाला निघावयास साधनें होतीं, माणसें होतीं. दिवस मात्र निघून गेला होता.

याच्या उलट बाजूचें एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या टोंकाला मॉन्टॉक नांवाचें मासेमारीचें बंदर आहे. २०१३ च्या जुलै महिन्यांत तेथून एक होडी लॉब्स्टर, म्हणजे आपल्या शेवंडीचे भाऊबंद, धरावयास निघाली. रात्रीं नऊच्या सुमारास एक भागीदार झोपला, दुसरा पहाऱ्यावर राहिला. सकाळीं सहाला झोपलेला उठला, तों जोडीदार होडीवर नाहीं! तो केव्हां पडला? नऊला कीं पहाटे पांचला? होडी तर रात्रभर दक्षिणेकडे चाललेली. म्हणजे शोधावयाचा पट्टा नऊ तासांच्या वाटेइतका लांब. तटरक्षकांनीं प्रथम तोच धरला. मग कोणीतरी होडीकडे नीट पाहिलें. मासळी ठेवण्याच्या टाकीवरचीं झांकणें काढलेलीं होतीं आणि पंप चालू होते. हें काम पहिल्या सांपळ्यांजवळ पोंचतांनाच करावयाचें असतें. शिवाय बर्फाच्या जड पेटीची मूठ तुटलेली होती. ती पेटी ओढतांना मूठ तुटली आणि माणूस मागच्या मागें समुद्रांत गेला, असा तर्क निघाला. त्या एका तुटक्या मुठीनें शोधाचें क्षेत्र दक्षिणेकडे हलविलें. इकडे तो मनुष्य पायांतले रबरी बूट काढून, त्यांत हवा भरून, ते उलटे काखेंत धरून तरंगत राहिला होता. पुढें त्याला सांपळ्यांचे बोये सांपडले. दुपारीं तीनच्या सुमारास, सुमारें बारा तासांनंतर, हेलिकॉप्टरनें त्याला उचललें. संगणक आणि विमानें सर्व होतीं, पण त्यांना कोठें पाहावें हें सांगितलें तें त्या मुठीनें.

म्हणूनच शोधाचा पहिला भाग समुद्रावर होत नाहीं, तो टेलिफोनवर होतो. होडी कोणत्या रंगाची, तिच्यावर किती डिझेल, किती पाणी, किती जाकिटें. तांडेल कोणत्या वाटेनें जाण्याची संवय असलेला. शेवटचें कोणीं पाहिलें आणि किती वाजतां? आसपासच्या सर्व बंदरांत विचारणा होते, कारण हरवलेली म्हणून शोधली जाणारी होडी दुसऱ्याच धक्क्याला सुखरूप लागलेली असण्याचा संभव बराच असतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीजवळ 'ओखी' चक्रीवादळ उठलें, तेव्हां केरळ व तामिळनाडूचे शेंकडों मच्छीमार आधींच खोल समुद्रांत गेलेले होते आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोंचला नाहीं. किनाऱ्यावर त्यांचीं माणसें रडत-ओरडत होतीं. अशा वेळीं २ डिसेंबरला कळलें कीं, अडुसष्ट होड्या आणि नऊशें बावन्न माणसें आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला येऊन लागलीं आहेत. याद्या मात्र जुळेनात. कोण आला, कोण गेला, कोण मुळांत निघालाच नव्हता, हें ठरवितां ठरवितां दिवस गेले. परत न आलेल्यांचा आंकडाहि शेवटीं शंभरांच्या पुढें गेला.

अलिबागला, मालवणला किंवा तारकर्लीला हौसेनें होडींतून जाणाऱ्या मंडळींना येथें एक सांगावेंसें वाटतें. निघतांना किनाऱ्यावरील एका तरी माणसाला कोठें जातों, किती जण आहों आणि किती वाजतां परतूं तें सांगून ठेवावें. आणि ती वेळ टळतांच त्यानें तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावें. 'आणखी थोडी वाट पाहूं' या आपल्या सभ्य संवयीनें नऊ पटींचा तो हिशेब फार लवकर पुरा होतो.

आतां गणिताकडे येऊं. १९४२ सालीं अमेरिकेच्या आरमाराला जर्मन पाणबुड्या शोधावयाच्या होत्या, आणि त्या कामीं लावलेल्या गणितज्ञांत बर्नार्ड कूपमन हा एक होता. त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं 'शोधणें' या क्रियेलाच गणिताचें रूप दिलें. आज बुडणाऱ्या माणसाला वांचविण्यासाठीं तेंच गणित वापरतात. युद्धाची ही एक बरी शिल्लक म्हणावयाची. त्याचें मर्म घरगुती उदाहरणानें सांगतां येतें. घरांत किल्ल्या हरवल्या. त्या टेबलाच्या खणांत असतील असें शंभरांत साठ, कोटाच्या खिशांत असतील असें शंभरांत चाळीस वाटतें. आपण खण पाहिला, पण घाईनें. असलेली वस्तु अशा पाहण्यांत चारांतून तीन वेळां सांपडेल. किल्ल्या मिळाल्या नाहींत. मग आतां खणाचे साठ शून्य झाले काय? नाहीं. साठांतले पंधरा शिल्लक राहिले. त्यांची तुलना आतां खिशाच्या चाळिसांशीं करावयाची; म्हणजे एकूण पंचावन्नांत खणाचा वांटा पंधरा आणि खिशाचा चाळीस, शेंकड्यांत सांगावयाचें तर सत्तावीस आणि त्र्याहत्तर. शोध खिशाकडे वळवावा हें उघडच आहे. पण खिसाहि रिकामा निघाला तर खणाकडे पुनः यावें लागतें. समुद्रावर हेंच चालतें. नकाशाचे चौकोन पाडतात, प्रत्येकांत संभवाचे अंक भरतात, आणि दर फेरीनंतर ते अंक बदलतात. रिकाम्या हातानें परतलेलें विमानसुद्धां कांहींतरी सांगून जातें. तटरक्षक एखाद्या चौकोनावरून दोनदां-तीनदां फिरतात, तेव्हां किनाऱ्यावरचे लोक 'तेथें तर कालच पाहिलें' म्हणून चिडतात. त्यांच्या चिडण्याचें नवल नाहीं, पण शोधणाऱ्यांचें बरोबर असतें.

आपल्याकडे हैदराबादच्या सागरी माहिती सेवा केंद्रानें, ज्याला 'इन्कॉइस' म्हणतात, २०१६ सालीं या कामासाठीं 'सरत' नांवाची संगणकीय योजना सुरू केली. शेवटची जागा, वेळ आणि वस्तूचा प्रकार सांगितला, कीं ती वारा व प्रवाह यांच्या अंदाजावरून हजारों काल्पनिक होड्या समुद्रांत सोडते आणि त्या कोठें कोठें दाटीनें जमतात तें नकाशावर दाखविते. भारतीय तटरक्षक दलाकडे शोधासाठीं सोंपविलेला समुद्र सुमारें सेहेचाळीस लाख चौरस किलोमीटर आहे. देशाच्या भूमीहूनहि मोठा. १९७७ सालीं स्थापन झालेल्या या दलाच्या मुंबई केंद्राकडे पश्चिम किनाऱ्याची जबाबदारी येते.

या साऱ्या तर्काला एकच गोष्ट निरर्थक करूं शकते : हरवलेल्यानें स्वतःच 'मी येथें आहें' असें सांगणें. रशिया, अमेरिका, कॅनडा व फ्रान्स हीं राष्ट्रें एरव्हीं एकमेकांकडे संशयानें पाहत असतांनाच, १९७९ सालीं त्यांनीं याच एका कामासाठीं करार केला, आणि १९८२ मध्यें संकटाची हांक ऐकणारा पहिला उपग्रह आकाशांत गेला. आज या व्यवस्थेंत अनेक देश आहेत, भारतहि आहे. 'इस्रो'नें मच्छीमारांसाठीं २०१० पासून स्वस्त संकट-सूचक यंत्र दिलें. त्याच्या नव्या आवृत्तींत तुमची हांक पोंचली, असा उलट निरोपहि मिळतो. हा उलट निरोप मला फार मोलाचा वाटतो. अंधारांत कोणी ऐकलें आहे एवढें कळलें, तर मनुष्य आणखी एक रात्र काढूं शकतो.

पण यंत्र नसेल, आणि वर्तुळ वाढत गेलें, तर एका घटकेला कोणीतरी थांबण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो कसा घेतात? दोन हिशेब समोर ठेवतात. एक, आतांपर्यंत केलेल्या शोधांत माणूस असता तर सांपडण्याचा संभव किती झाला. दुसरा, तो अद्याप जिवंत असण्याचा संभव किती उरला. उत्तरेकडील थंड समुद्रांत हा दुसरा हिशेब तासांत संपतो. बर्फाळ पाण्यांत हातपाय दहा-पंधरा मिनिटांतच निकामी होतात. आपला अरबी समुद्र त्या मानानें दयाळू आहे. येथें मारतात तीं तहान, ऊन आणि थकवा, आणि त्यांना दिवस लागतात. म्हणून आपल्याकडील शोध अधिक दिवस चालवावा लागतो, आणि चालविला पाहिजे.

हिशेब हा शेवटीं हिशेबच. पॅसिफिक महासागरांत टोकेलाऊ नांवाचीं चिमुकलीं बेटें आहेत. २०१० च्या ऑक्टोबरांत तेथील अताफू बेटावरून तीन शाळकरी मुलें एका लहान ॲल्युमिनियमच्या होडींत बसून गेलीं आणि दिसेनाशीं झालीं. न्यूझीलंडच्या विमानांनीं शोधलें, सांपडलीं नाहींत. बेटावर त्यांच्यासाठीं शोकसभा व प्रार्थना झाली. पन्नासाव्या दिवशीं फिजीजवळून जाणाऱ्या, मासे धरणाऱ्या एका जहाजाला तीं सुमारें तेराशें किलोमीटर दूर, जिवंत सांपडलीं. पावसाचें पाणी, थोडे नारळ, उडते मासे आणि हातीं लागलेला एक समुद्रपक्षी, एवढ्यावर त्यांनीं दिवस काढले होते. यावरून शोध कधींच थांबवूं नये असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, पण तो बरोबर नाहीं. जें विमान पन्नास दिवस एका होडीमागें फिरेल, तें त्या अवधींत दुसऱ्या दहा होड्यांना मिळणार नाहीं. म्हणूनच शहाणीं केंद्रें 'शोध संपला' असें म्हणत नाहींत, 'तहकूब केला' असें म्हणतात; नवा धागा हातीं आला कीं तो पुनः सुरू होतो, आणि त्या वाटेनें जाणाऱ्या जहाजांना नजर ठेवण्याची सूचना तर दिलेलीच असते.

घरच्यांच्या बाजूनें मात्र या 'तहकुबी'चा अर्थ निराळा आहे. देह सांपडला नाहीं तर मृत्यूचा दाखला नाहीं. दाखला नाहीं तर विमा नाहीं, बँकेंतील पैसे नाहींत. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं त्याला मृत समजावें असें होतें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमांतहि ती सात वर्षें तशींच आहेत. ओखीनंतर केरळ सरकारनें हीं वर्षें न मोजतां बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांनाहि मदत दिली, हें योग्यच केलें. समुद्रावर कमावणारा गेला तर चूल सात वर्षें थांबत नाहीं.

२०१८ च्या डिसेंबरांत कर्नाटकांतील मलपे बंदरांतून 'सुवर्ण त्रिभुज' ही मासेमारी बोट सात जणांना घेऊन निघाली. १५ डिसेंबरच्या रात्रीं सिंधुदुर्गाच्या समुद्रांत तिचा संपर्क तुटला. आरमार, तटरक्षक दल, दोन राज्यांचे पोलीस आणि मलपेचे मच्छीमार स्वतः, सर्वांनीं शोधलें. वर्तमानपत्रांतून निरनिराळे तर्क लढविले गेले, घरच्यांनीं मोर्चे काढले. अखेर १ मे २०१९ रोजीं आरमाराच्या 'निरीक्षक' या जहाजानें मालवणच्या किनाऱ्यापासून सुमारें तेहतीस किलोमीटरांवर समुद्राच्या तळाशीं एक बोट शोधली. पाणबुडे खालीं उतरले, आणि ती तीच बोट निघाली. बोट सांपडली, तीं सात माणसें मात्र सांपडलीं नाहींत.